चक्की पाचपर्यंत चालू होती

३ मार्च २०१८, शनिवार

आफ्के,

कामाचं पत्र आहे. फोन तू उचलत नाहीस आणि मोबाइलवर पाठवलेलं वाचून तसंच ठेवतेस, हे मला इथे दिसतं. कागदाचं निदान पाकीट तरी फोडावं लागेल.

आपल्या पवनचक्कीच्या समितीने ठरवलंय, की मे महिन्यात चक्की दिनाला तुझ्या बाबांच्या नावाची पितळी पाटी लावायची. अध्यक्ष मेल्लेमा ट्युलिपांचा गुच्छ घेऊन स्वतः घरी आले होते. मजकूरही तेच लिहून घेऊन आले. ‘डेर्क व्हेनहाउस, १९४८ ते २०१६. सव्वीस वर्षं त्यांनी ही चक्की चालवली. पाती फिरत असतानाच इथे त्यांनी शांतपणे डोळे मिटले.’ पोत्यांच्या माळ्याकडे जाणारी शिडी आहे ना, तिच्या शेजारी बसवणार म्हणतात. कुटुंबाची लेखी संमती हवी. कुटुंब म्हणजे तू आणि मी. मी म्हटलं, मुलीला विचारते. तर कळव.

बाकी इथे ठीक. आठवडाभर पूर्वेचा वारा आहे, कालवे गोठलेत. अर्धं गाव बर्फावर घसरत असल्यामुळे आज चक्की बघायला सहाच माणसं आली. दोन पात्यांवर कापडी शीड चढवलं, दोन उघडी ठेवली, तरी मिनिटाला सत्तरच्या वर पाती दारासमोरून जात होती. ब्रेक दोनदा लावावा लागला. बोटं बधिर होतात, पण ती हल्ली कशानेही होतात.

लाउट अजून येतो. पंचाहत्तरीचा झाला, पण टपाल वाटायचा तेव्हासारखाच दारात शिरायच्या आधी बोलायला लागतो. तिकिटं तो फाडतो, माणसांना वर तो नेतो, मी खाली पिठाशी. आज त्याने त्या सहाजणांना तुझ्या बाबांची गोष्ट सांगितली. तो नेहमी सांगतो. दोन वर्षांपूर्वी चक्की दिनाला असाच वारा होता, डेर्क दमला म्हणून वर पोत्यांवर जरा आडवा झाला, खाली दळणाच्या दगडांची तळी घरघरत होती आणि त्या आवाजातच तो गेला, कुणाला कळलंसुद्धा नाही. एक बाई रडली. लाउट म्हणाला, ‘ताई, असं मरण मागून मिळत नाही.’ मी पिशव्यांना दोरे बांधत होते. त्या बाईने नंतर पॅनकेकच्या पिठाच्या चार पिशव्या नेल्या.

संमतीचं तेवढं लवकर कळव. कारागिराला वेळ लागतो.

आई


२४ मार्च, शनिवार

आफ्के,

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. ‘पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी तिथे नव्हते. तू होतीस.’ समुद्राचं चित्र छान आहे. मी ते फळीवर उभं ठेवलं आणि मग पालथं ठेवलं.

तू तिथे नव्हतीस हे खरं. मी होते हेही खरं. तू कब्रस्तानाच्या फाटकाशी म्हणालीस ते मला पाठ आहे. ‘छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला तू पोत्यांवर झोपवलंस आणि सहा तास लोकांना चक्की दाखवत राहिलीस. एकदा वर जाऊन बघितलं नाहीस.’ तू नर्स आहेस, तुझ्या बोलण्याला वजन होतं. मेल्लेमांनी मान खाली घातली. तुझ्या आत्याने माझा हात सोडला.  लोकांना वाटलं, बिचारीला शब्द फुटत नाहीत. तसं नव्हतं. मला त्या वेळी दुरून चक्की दिसत होती. लाउटने पाती दुखवट्याच्या जागी आणून थांबवली होती, वरचं पातं जरासं कलून गेलेलं. आणि मी विचार करत होते, की गुंडाळलेलं शीड उतरवलेलं नाही, पाऊस आला तर भिजेल.

म्हणून आता एक दुरुस्ती करते. छातीत दुखतंय असं तो म्हणाला नव्हता. तो म्हणाला, डावा हात जड झालाय. साडेदहा वाजले होते. सकाळी त्याने आठ पोती ओढली होती आणि आदल्या रात्री झोपला नव्हता, चक्की दिनाच्या आदल्या रात्री तो कधीच झोपायचा नाही. मी म्हटलं, वर जाऊन पड जरा, मी बघते. त्याने ऐकलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तीस वर्षांत मी सांगितलेलं त्याने पहिल्यांदा निमूटपणे ऐकलं.

दुसरी दुरुस्ती. मी वर गेले नाही असं नाही. साडेबाराला मी त्याला सूप नेऊन दिलं. तुझ्या आवडीचं, भाज्या आणि खिम्याच्या गोळ्यांचं. समितीच्या बायकांनी मोठं पातेलं भरून केलं होतं. तो उठून बसला. चेहरा राखेसारखा होता. वर उजेड कमी असतो, पिठाची धूळ असते, पण मला दिसला. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलावू का. तो म्हणाला, ‘खाली शंभर माणसं आहेत. आज रुग्णवाहिका दारात आली, तर गाव पुढची दहा वर्षं चघळेल.’ मग म्हणाला, सूपमध्ये मीठ कमी आहे. मी म्हटलं, मी केलेलं नाही.

मी खाली आले. फोन माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही. तू म्हणालीस तू तिथे नव्हतीस, म्हणून सांगितलं.

आज वारा पडलेला आहे. पाती हलली नाहीत. थांबलेली चक्की बघायला लोकांना आवडत नाही, ते ‘कधी फिरणार’ विचारतात आणि मी आकाशाकडे बोट करते.

आई


२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

आफ्के,

तुझं काही आलं नाही. मीही पुढचं लिहायचं ठरवून बसले होते, पण आज ते होणार नाही.

गेल्या आठवड्यात तळ्यांच्या दगडांना छिन्नीने टाकी लावली. वरची तळी उचलायला आता लाउट आणि मी मिळून अर्धा दिवस घेतो. तुझे बाबा एकट्याने साखळी ओढायचे. खाचा फार झिजल्या होत्या. वाकून टाकी मारता मारता हातात दगडाचे बारीक कण घुसतात, ते निळे डाग पडतात, तसे माझ्या दोन्ही हातांवर आहेत. लाउट म्हणतो, हे चक्कीवाल्याचं गोंदण.

काल पंचवीस माणसं आली. एका जर्मन गृहस्थाने विचारलं, इथे कोणी मेलंय का, जुन्या चक्क्यांत भुतं असतात म्हणे. लाउट तोंड उघडणार तेवढ्यात मी सांगितलं, उतरताना तोंड शिडीकडे ठेवा, पाठ नाही. ते उतरले.

मेल्लेमांचा पुन्हा फोन आला होता. पाटीचं काम द्यायचंय म्हणतात. मी म्हटलं, मुलगी विचार करतेय. खोटं होतं ते.

मनुकांचा पाव केला होता. अर्धा शेजारी दिला.

आई


१७ एप्रिल, मंगळवार

आफ्के,

हे मी टेबलाशी बसून, दुपारी, चष्मा लावून लिहितेय. कुठल्या भरात लिहिलं असं तुला वाटू नये.

सूप दिल्यानंतर मी खाली आले. गर्दी तुला माहीत आहे तशी. मी पिठाच्या माळ्यावर उभी राहून पीठ अंगठ्यावर घेऊन बघत होते, लोकांना हात लावून बघू देत होते, गरम का आहे ते सांगत होते. लाउट बाहेर रांग सांभाळत होता. वारा नैऋत्येचा, एकसारखा. असा वारा वर्षातून पाच-सहा दिवस लाभतो.

अडीचच्या सुमाराला तळ्यांचा आवाज बदलला. तू चक्कीवर वाढलीस, तुला समजावून सांगायला नको. तळ्यांवरच्या चाड्यातले दाणे संपत आले होते. तळी कोरडी फिरली तर दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, चक्की पेटू शकते. मी धावत वर गेले. तुझ्या बाबांना बघायला नाही, आफ्के. मी गव्हाचं पोतं आणायला गेले.

पोत्यांच्या माळ्यावर तो तसाच पडला होता, उजव्या कुशीवर, टोपी गालाखाली. सूपचा वाडगा रिकामा, बाजूला नीट ठेवलेला. मी म्हटलं, डेर्क, सरक, त्या पाठीमागचं पोतं हवंय. मी त्याच्या खांद्याला धरलं. मग मी त्याचा हात धरला. मग मी थोडा वेळ तिथे होते. किती ते मला माहीत नाही, कारण खालून तळ्यांचा आवाज येत होता, पोकळ, रिकाम्या डब्यासारखा.

मी त्याच्या पाठीमागचं पोतं ओढून काढलं. ते काढल्यावर तो जरासा मागे कलंडला, म्हणून मी तिथे दुसरं पोतं सरकवलं. मी दोरा सोडला आणि दाणे चाड्यात ओतले. आवाज पुन्हा भरला. मी शिडी उतरले, तोंड शिडीकडे ठेवून, आणि पिठाच्या माळ्यावर सातजण वाट बघत होते. मी त्यांना तळ्यांबद्दल सांगितलं. एका बाईने विचारलं, या चक्कीचं वय किती. मी म्हटलं, सतराशे शहाऐंशीची. बरोबर सांगितलं.

तेव्हा मी हाक मारू शकले असते. लाउट बाहेरच होता. ब्रेकचा दोर माझ्या हाताशी होता, एकदा ओढला असता तर सगळं थांबलं असतं. मी ओढला नाही. का, ते मी दोन वर्षं शोधतेय. रांग होती म्हणून असं मी आधी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. चक्की फिरत होती तोवर तो दमून पडलेला होता. थांबवली असती तर तो मेला असता. यापेक्षा बरं मला सांगता येत नाही.

त्यानंतर मी आणखी दोनदा वर गेले. साडेतीनला आणि सव्वाचारला, पोत्यांसाठीच. साडेतीनला मी त्याचे डोळे मिटले, ते पूर्ण मिटलेले नव्हते. सव्वाचारला मी पोतं ओतून झाल्यावर त्याच्याशेजारी बसले आणि त्याला सांगितलं, की एकशे चाळीस माणसं झाली, मागच्या वर्षीपेक्षा जास्त. त्याला ते आवडलं असतं. मी त्याच्या गालावर हात ठेवला. माझ्या हाताला पीठ होतं, ते त्याच्या गालाला लागलं. मी पुसलं नाही.

पाच वाजता शेवटचा माणूस गेला. मी पाती थांबवली, शीड गुंडाळलं, चारही. मग लाउटला म्हटलं, डेर्कला उठव, चहा घेऊ. तो वर गेला आणि त्याने वरून माझं नाव घेऊन हाक मारली.

डॉक्टरांना मी सांगितलं की तो साडेदहाला पडायला गेल्यावर मी वर गेलेच नाही. त्यांनी ते लिहिलं. तू फाटकाशी म्हणालीस की मी बघितलं नाही, आणि मी ते राहू दिलं. न बघणारी बायको लोकांना समजते. बघून पीठ दळत राहिलेली समजणार नाही. मलाच समजत नाही.

आणि तेव्हापासून मला काही होत नाही. हे तुझी कीव यावी म्हणून सांगत नाही. मी जेवते, झोपते, वजन वाढलंय. त्याचे कपडे मी एका दुपारी पिशव्यांत भरून चर्चच्या दुकानात दिले आणि येताना कांदे घेऊन आले. रडू आलं नाही, तुझा फोन बंद झाला तेव्हाही नाही. सकाळी मी दाराबाहेर जाऊन वारा कुठला ते बघते आणि त्याप्रमाणे दिवस लावते.

आता तू ठरव पाटीवर काय लिहायचं ते.

आई


१३ मे, रविवार

आफ्के,

चार आठवडे झाले. तू लिहिणार नाहीस असं मी धरून चालले आहे. पण सुरुवात मी केली आहे तर झालं ते सांगते.

पाटी लागली नाही. शुक्रवारी समितीची बैठक होती. पाटी तयार होऊन आली होती, मेल्लेमांनी माझी वाट न बघता काम देऊन टाकलं होतं. मखमलीच्या कापडात गुंडाळून टेबलावर ठेवली होती. सगळ्यांनी हात फिरवून बघितली. मी म्हटलं, ही लावता येणार नाही, यात लिहिलंय ते खरं नाही. मेल्लेमा म्हणाले, ‘मॅडम, तारखेत चूक झालीय का?’ मी म्हटलं, तारीख बरोबर आहे. आणि मग मी त्या आठजणांसमोर सांगितलं, तुला लिहिलं तेवढंच, त्याच क्रमाने. पाचेक मिनिटं लागली असतील. कुणीतरी कॉफीचा कप बशीत ठेवला, त्याचा आवाज झाला.

मेल्लेमांनी पाटी परत कापडात गुंडाळली. मग म्हणाले की हे समितीबाहेर जाऊ नये, चक्कीचं नाव आहे. खजिनदारबाई म्हणाल्या, मृत माणूस वर असताना आम्ही लोकांना आत सोडत होतो, माझी नात आली होती त्या दिवशी. त्या रडल्या. त्यांचं बरोबर आहे. मी चक्कीची किल्ली टेबलावर ठेवली.

लाउट कोपऱ्यात बसला होता. तो उठला, किल्ली उचलली आणि माझ्या कोटाच्या खिशात टाकली. ‘उद्या वारा आहे,’ म्हणाला, ‘आणि इथल्या कुणाला शीड चढवता येत नाही.’

परत येताना तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आला.   कालव्यापाशी म्हणाला, ‘मला माहीत होतं, रुल्फिन.’

मी विचारलं, काय माहीत होतं.

‘त्या दुपारी तीन पोती दळली गेली. मी रिकामी पोती मोजून घडी घातली ना संध्याकाळी. दाणे काही आपोआप खाली येत नाहीत, आणि डेर्क केव्हाचा गार पडला होता.’

मी थांबले. तो थांबला नाही, सायकल ढकलत राहिला. मला त्याला गाठावं लागलं. मी म्हटलं, मग दोन वर्षं तू लोकांना ती गोष्ट का सांगत होतास, तळ्यांच्या आवाजात गेला, कुणाला कळलं नाही, ती? तो म्हणाला, ‘एक गोष्ट सांगितलेली असली की लोक दुसरी विचारत नाहीत.’

मला त्या गोष्टीचा किती राग येत होता, आफ्के. दर शनिवारी मी खाली दोरे आवळत बसायचे आणि वाटायचं, या म्हाताऱ्याला माझ्या नवऱ्याच्या मरणाचा खेळ करायला काय आवडतं. तो मला झाकत होता. मी त्याला थँक यू म्हटलं नाही. त्याने अपेक्षाही केली नसावी, कारण लगेच गुडघ्यांबद्दल बोलायला लागला.

काल चक्की दिन झाला. एकशे दहा माणसं. लाउटने कसलीही गोष्ट सांगितली नाही. एकाने विचारलं, पूर्वी इथे एक उंच चक्कीवाले असायचे ते कुठे आहेत. लाउट म्हणाला, वारले. आणि त्याला कण्या दाखवायला घेऊन गेला.

पाटी मेल्लेमांच्या कपाटात आहे.

आई


२७ मे, रविवार

आफ्के,

तू काल बसमध्ये चढताना म्हणालीस, ‘फोन करू नकोस, लिही. फोनवर मला तुझ्या आवाजावरून काहीच कळत नाही.’ म्हणून लिहिते. जे झालं ते तुलाही माहीत आहे, पण तू बराच वेळ जमिनीकडे बघत होतीस, म्हणून मला काय दिसलं ते सांगते.

तू अकराच्या गटात आलीस. मी तुला ओळखलं नाही. केस कापलेस, आणि त्या पावसाच्या कोटात तू कुणीही असू शकली असतीस. लाउटने तुझं तिकीट फाडलं, तुला ओळखलं, आणि गप्प राहिला. तो गप्प आहे म्हणून मी मान वर केली. तू ग्रोनिंगनच्या त्या जोडप्याच्या मागे उभी होतीस आणि पीठ बघत होतीस.

मी थांबले नाही. पीठ गरम का असतं ते मी सांगत होते, ते पुरं केलं. माझा आवाज मला ऐकू येत होता, नेहमीसारखाच. तूही इतरांसारखा हात पुढे केलास आणि मी त्यावर चिमूटभर पीठ ठेवलं. तू ते तोंडात टाकलंस. लहानपणी टाकायचीस तसं नाही. चव बघितल्यासारखं.

मग तू पोत्यांच्या माळ्याच्या शिडीला लावलेली साखळी ओलांडून वर गेलीस. त्या जोडप्यातला माणूस म्हणाला, तिकडे जाता येतं का. मी म्हटलं, नाही.

तू वर होतीस तेवढा वेळ मी खाली बोलत राहिले. वर तुझ्या पावलांचा आवाज होत होता, मग तो थांबला. चाडं भरलेलं होतं, दाण्यांची काही काळजी नव्हती. वारा चांगला होता. बाहेर आणखी आठ-दहा माणसं आली होती. सगळं जसं असायला हवं तसं होतं, आणि मी ब्रेकचा दोर ओढला.

पाती एकदम थांबत नाहीत. चार-पाच फेरे लागतात, लाकूड कण्हतं, सगळी चक्की हलते. ती थांबल्यावर जो गप्पपणा होतो तो लोकांना चमत्कारिक वाटतो. कुणीतरी विचारलं, बिघडलं का काही. मी लाउटला म्हटलं, आज बंद. तिकिटाचे पैसे परत कर. तो ‘बरं’ म्हणाला आणि सगळ्यांना गुरं हाकावीत तसं बाहेर काढलं.

मी वर आले तेव्हा तू जमिनीवर बसली होतीस, पोत्यांना टेकून, पण त्या जागी नाही. तू जागा विचारलीस, मी दाखवली. मग तू नर्ससारखे प्रश्न विचारलेस आणि मला ते बरं वाटलं. ‘हात गार होते की बोटंच गार होती? जबडा घट्ट झाला होता? मानेला हात लावलास?’ मी आठवेल ते सांगितलं. तू बोटांवर तास मोजलेस आणि म्हणालीस, सूप प्यायल्यावर तासाभरात गेले असतील. झोपेतच बहुतेक. वाडगा नीट ठेवला होता म्हणजे घाबरले नव्हते.

मी विचारलं, ‘साडेबाराला फोन केला असता तर?’

 मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. माणसं तसं म्हणतात, मलाही एकीने तसं म्हटलं होतं, तिला काहीच माहीत नसताना. तू म्हणालीस, ‘कदाचित वाचले असते. निम्मीनिम्मी शक्यता. मी तुला खोटं सांगणार नाही, आई.’

‘आई’ तू दोन वर्षांनी म्हणालीस. पण ते तुझ्या लक्षात आलं नसेल, आणि मलाही ते बसस्टॉपवरून परत येताना लक्षात आलं. तेव्हा मी फक्त ‘निम्मीनिम्मी’ ऐकलं. मी तुळईला धरलं. मी दोन वर्षं ते कुणीतरी म्हणेल म्हणून थांबले होते बहुतेक. तू फाटकाशी म्हणालीस ते वेगळं होतं, ते रागाने होतं. हे तू हिशेब करून सांगितलंस.

मी रडले नाही. तू वाट बघत होतीस, मला कळत होतं. मला तुझ्यासाठी तरी रडायचं होतं. नाही आलं. पण मी तिथेच जमिनीवर बसले, आणि तू तुझा कोट काढून माझ्या पायांवर टाकलास. मग तू म्हणालीस, ‘मी त्या दिवशी येणार होते. सुट्टी मिळाली होती मला. मीच आले नाही, कंटाळा आला होता दरवर्षीच्या त्या गर्दीचा.’ आणि तू रडलीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. पीठ लागेल म्हणून काढून घेणार होते. तू तो धरून ठेवलास.

हे तुला बसस्टॉपवर सांगायचं होतं, तेव्हा बस आली: तू आली असतीस तर तू एकदा बघितलं असतंस आणि रुग्णवाहिका बोलावली असतीस. त्याने कितीही नको म्हटलं तरी. हे खरं आहे आणि मीही तुला खोटं सांगणार नाही. पण तुला कुणी बोलावलं नव्हतं त्या माळ्यावर. मी तिथे होते.

आज सकाळपासून मी घरातच आहे. लाउट येऊन गेला, चक्की उघडायची का विचारायला. मी म्हटलं, तू उघड, मी येत नाही. तो म्हणाला, शीड कोण चढवणार. मी म्हटलं, मग नुसती उभी दाखव.

पुढे यायचं मनात आलं, तर शनिवारी येऊ नकोस. गुरुवारी ये. गुरुवारी चक्की बंद असते आणि मी घरी असते.

आई